स्टूल कुणी धरलं होतं

खांदा मोडलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. घरातल्या पुरुषांनीही वाचलं तर बरं, त्यांचंच काम जास्त आहे यात.

हाड कसं जुळतं हे मला विचारू नका. ते डॉक्टर कागदावर चित्र काढून सांगतात. चित्रात न येणारं तेवढंच मी सांगणार आहे. माझं वय एकाहत्तर. उजव्या खांद्याखाली, दंडाच्या वरच्या टोकाला, एक प्लेट आणि आठ स्क्रू आहेत. सुरुवातीची पानं मी डाव्या हातानं लिहिली होती. ती कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखी दिसत होती, म्हणून माझ्या सुनेनं, पल्लवीनं, ती पुन्हा उतरवून दिली. उतरवताना एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "आई, हे असंच ठेवायचं का? बाबांना वाईट वाटेल."

म्हटलं, "असंच ठेव. अन् खाली रेघ मार."

पडले तो दिवस

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, भिलाईत येऊन पन्नास वर्षं होत आली, पण गौरींचा सण आला की अंगातलं विदर्भ जागं होतं. कॅम्प-१ मधल्या आमच्या घरात मागच्या खोलीला छताखाली सामानाचा सज्जा आहे, आणि सज्ज्यावर पत्र्याच्या पेटीत ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे. वर्षातून एकदा ते काढायचे. त्याची आमच्याकडे ठरलेली पद्धत होती. मी स्टूलवर चढायचं, यांनी स्टूल धरायचं.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायला आता कुणाची बंदी नाही, पण यांच्याबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते पाहता न घेतलेलंच बरं.

स्टुलाचा एक पाय जरा आखूड. ते धरावंच लागतं.

"धरलं नं?" मी विचारलं.

"धरलं, धरलं. चढ तू."

"दोन्ही हातानं?"

"अवं, तीस वर्षं सेफ्टीत काढले म्या. मले शिकवून राहिली का?"

ते खरं होतं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका लहानशा कारखान्यात, जो आता बंदही पडला, हे सेफ्टी इन्स्पेक्टर होते. पिवळं हेल्मेट, खिशात शिट्टी. तर अशा माणसानं स्टूल धरलंय म्हणून मी निर्धास्त चढले. पेटीचं झाकण उघडलं, टाचा उचलल्या, मुखवट्यांचा डबा हाताला लागला. तेवढ्यात समोरच्या खोलीत यांचा मोबाइल 'टिंग' वाजला.

"एकच मिनिट हं," हे म्हणाले.

डबा मी डाव्या हातानं छातीशी घट्ट धरला आणि उजव्या खांद्यावर येऊन आदळले. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. देवींच्या नाकाला खरचटलंसुद्धा नाही.

मी फरशीवर. हे धावत आले, हे मान्य करायला हवं. मोबाइल हातातच होता. मला पाहिलं, चेहरा पांढरा पडला. आणि मग यांनी पाणी आणायच्या आधी, मला उचलायच्या आधी, रायपूरला मंगेशला, आमच्या मुलाला, फोन लावला.

"मंगेश, तुझी आई पडली. एकटीच चढली स्टूलवर. मी समोरच्या खोलीत होतो, मले सांगतलं बी नाही."

खांद्यातलं दुखणं अजून डोक्यापर्यंत पुरतं पोचलं नव्हतं. यांचा रिपोर्ट मात्र रवाना झाला होता.

नेहरू नगरला

शेजाऱ्यांच्या गाडीतून नेहरू नगरच्या एका हाडांच्या दवाखान्यात नेलं. हायवेवर जितके खड्डे आहेत ते सगळे मी त्या दिवशी उजव्या खांद्यानं मोजले. एक्स-रे काढताना तिथली मुलगी म्हणाली, "हाथ थोड़ा बाहर कीजिए, दादी." मी तिला म्हटलं, "बेटी, तू मला बाहेर काढ, हात राहू दे इथंच."

डॉक्टर तरुण होते, शांत. एक्स-रे उजेडावर धरला. खांद्याचा गोळा माझ्या डोळ्यांना फुटलेल्या दिवाळीच्या पणतीसारखा दिसला. तीन तुकडे. डॉक्टर म्हणाले, पट्ट्यात बांधून हे जागेवर येणार नाही, उघडून प्लेट बसवावी लागेल. आणि हाडं आतून पोकळ झालीत. मग माझ्याकडे पाहून मान हलवली.

"माताजी, इस उमर में स्टूल पे? अकेले?"

मी म्हटलं, "अकेली नहीं थी. इन्होंने पकड़ा था. फिर छोड़ दिया."

हे माझ्याच उशाशी उभे होते. यांनी डॉक्टरांकडे पाहून असं हसून दाखवलं, की जणू लहान मूल काहीतरी बरळतंय. आणि म्हणाले, "दर्द में कुछ भी बोल रही है, साहब."

त्या दिवशी मी दोनदा मोडले. पहिलं मोडणं एक्स-रेत दिसलं.

दाराबाहेरचं बोलणं

मंगेश आणि पल्लवी दुपारपर्यंत पोचले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं. मी खोलीत पडून, हे आणि मंगेश दाराबाहेर. लोकांना वाटतं हाड मोडलेल्या माणसाचे कानही बंद होतात.

"डॉक्टर बोल रहे थे, हात कदाचित खांद्याच्या वर जाणार नाही," मंगेश म्हणाला. "बाबा, आता मी ऐकणार नाही. आई ऐकतच नाही ना कुणाचं. आज स्टूल, उद्या गॅस. प्लास्टर-बिस्टर जे काय ते निघालं की घर बंद करायचं. दोघं रायपूरला माझ्याकडे. सहावा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं सेफ आहे."

मी वाट पाहिली. आता बोलतील. आता म्हणतील, अरे, तिची चूक नव्हती. एवढं एक वाक्य, की माझं घर, माझं अंगण, माझा ओटा माझा राहिला असता.

हे म्हणाले, "पाहू बावा."

ऑपरेशनच्या भीतीबद्दल सगळे विचारतात. भीती होती. भूल दिल्यावर परत येऊ का, हात कापतात का, स्क्रू गंजतो का, असल्या सगळ्या भीती. पण खरी भीती वेगळीच होती. आपण परत येऊ आणि आपल्या नावावर कायमचं लिहिलेलं असेल, 'ही ऐकत नाही म्हणून पडली.' आणि त्या एका ओळीवर आपलं उरलेलं आयुष्य सहाव्या मजल्यावर जाईल.

तो हात माझा नव्हता

शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात गायब. म्हणजे दिसत होता, पट्ट्यात, पोटावर, फुगलेला. पण तो माझा आहे असं कुठूनही कळेना. डाव्या हातानं चिमटा काढला, काही नाही. मी ओरडले, "माझा हात मेला!" नर्स आली आणि म्हणाली, मानेतून सुन्न करायचं इंजेक्शन दिलंय, उद्यापर्यंत येईल परत. ही गोष्ट आधीच सांगायला काय होतं त्यांना? तुम्हाला मी सांगून ठेवते. हात मेला असं वाटेल. मरत नाही. परत येतो, आणि आला की वाटतं, गेलेलाच बरा होता.

भुलीच्या गुंगीतच मी दुसऱ्यांदा सांगितलं, या वेळी मंगेशला, की यांनी स्टूल सोडलं होतं. तो माझ्या कपाळावर हात फिरवत पल्लवीला म्हणाला, "भुलीचा असर आहे."

पहिल्यांदा दुखण्यामुळे बरळले, दुसऱ्यांदा भुलीमुळे. बाईला खरं बोलायला मुहूर्त तरी कोणता असतो, सांगा.

मी घरी आल्यावर कळलं की प्लेट टायटेनियमची आहे. तेव्हा यांना राग आला. "भिलाईत राहून टायटेनियम? स्टील कावून नाही टाकलं?" आमच्या नातीला, चिनूला, मात्र भारी आनंद झाला. "आजी, आप रोबोट बन गई?" तिनं विचारलं, आणि शाळेतल्या सगळ्यांना सांगून आली.

डाव्या हाताचा घास

दवाखान्यात सकाळी साडेपाचला झाडू, सहाला ताप पाहणं, सातला चहा, असं चालायचं. तिथे फुलबाई नावाची आया होती, दुर्गजवळच्या पाटणकडच्या गावातली. मी उपाशी बसले आहे हे पहिल्यांदा तिला कळलं. मला डाव्या हातानं जेववेना. सत्तर वर्षं ज्या हाताला ताटाजवळ येऊ दिलं नाही, त्याच हातानं वरणभात कालवायचा? घास तोंडाशी यायचा आणि तोंड उघडायचं नाही.

फुलबाई म्हणाली, "का होगे दाई, नइ खावत हस?" काय झालं आई, का खात नाहीस? मी हात दाखवला. ती हसली. चमचा बाजूला ठेवला, स्वतःचे हात साबणानं धुतले, आणि मला भरवलं. दोन घास झाल्यावर म्हणाली, "अब तैं खा. डेरी हाथ घलो भगवान के दे हाथ आय." डावा हातही देवानंच दिलाय. त्यानंतर मी डाव्या हातानं जेवू लागले. आजारपणात असं एखादं माणूस मिळतं. ते नात्यातलं असेलच असं नाही.

तिनंच मला विचारलं, "गिरे कइसे दाई?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं एका दमात विश्वास ठेवला. "मोर घर के घलो अइसनेच हे," म्हणाली. माझ्या घरचाही असाच आहे. आणि बादली उचलून गेली.

आमची मोत्यासारखी अक्षरं

दवाखान्यात पडून राहिलं की छताकडे पाहावं लागतं, आणि छताकडे पाहिलं की जुनी माणसं दिसतात. मला एक चोवीस वर्षांची बाई दिसायला लागली. ठसठशीत कुंकू, नायलॉनची साडी, नाक वर. ती मीच. तिला आता धरून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

कारखान्यात कुणाला काही लागलं की हे घरी येऊन रिपोर्टचा कच्चा कागद लिहीत. यांचं अक्षर कुत्र्याच्या पायाचं. माझं सुंदर. म्हणून पक्का कागद मी लिहायची. मॅनेजर साहेब एकदा म्हणाले, 'तुम्हारी मिसेस की लिखाई मोती जैसी है,' तर ही बया महिनाभर जमिनीवर पाय टेकवेना. शेजारणींना बोलावून बोलावून सांगायची.

आणि त्या मोत्यांत काय लिहायची? प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एकच ओळ. 'कर्मचारी ने निर्देशों का पालन नहीं किया.' बोटं गेली, पालन नाही केलं. पाय घसरला, पालन नाही केलं. एकदा मी यांना विचारलं होतं, "सगळेच कसे हो असे न ऐकणारे?" हे म्हणाले, "तू लिही नं. पहिला कागद ज्याचा, खरं त्याचं." मला ते वाक्य फार हुशारीचं वाटलं. हुशार नवरा मिळाला म्हणून मी खूश.

एकदा खुर्सीपारच्या मजूर वस्तीतली एक बाई आमच्या दारात आली. तिच्या नवऱ्याचा खांदा गेला होता, वर काम करताना पायाखालची फळी सरकली म्हणून. ती दारातच उभी राहून म्हणाली, "दीदी, पटिया ढिल्ला रहिस. मोर आदमी के गलती नइ रहिस. ओतका भर लिख देते." फळी सैल होती, माझ्या माणसाची चूक नव्हती, एवढंच लिहून द्या.

मी काय केलं? तिला आत बसवलं, चहा दिला. आणि आवाज मऊ करून म्हटलं, "बहन, संभल के काम करना चाहिए ना."

तिनं चहा घेतला नाही. कप तसाच ओट्यावर ठेवून गेली. मी यांना सांगितलं, "काय ऐट आहे, चहासुद्धा घेतला नाही!"

या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली. दवाखान्यात, आठ स्क्रू अंगात घेऊन, मला कळलं की तिनं चहा का घेतला नाही. आता मला कुणी चहा देऊन 'सांभाळून राहायला हवं होतं, आई' म्हटलं की माझाही चहा निवतो. यांनी मला दगा दिला हे खरं. पण तो कसा द्यायचा, ते अक्षरं गिरवून गिरवून मीच यांच्या हाती दिलं होतं. नाक वर करून.

खुर्चीतली झोप

घरी आल्यावरचे सहा आठवडे सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. आडवं झोपता येत नाही. मी खुर्चीत चार उशा लावून बसूनच झोपले. दंडापासून कोपरापर्यंत आणि छातीवर जांभळं, मग हिरवं, मग पिवळं होतं, घाबरू नका, ते जातं. साडी नेसता येत नाही. पुढून बटणं असलेला ढगळ गाऊन शिवून घ्या. केस विंचरायला माणूस लागतं. मी पल्लवीला लग्न झाल्यापासून नावं ठेवत आले, पोळी जाड लाटते, हिंदीत बोलते, वगैरे. ती नोकरीवरून सुट्टी घेऊन तीन आठवडे राहिली. रोज सकाळी माझी वेणी घातली. एकदाही केस ओढला नाही. पोळी अजून जाडच लाटते.

आणि हाडं पोकळ कशी झाली म्हणाल, तर घरात दूध यायचं ते यांना, मंगेशला आणि चिनूला. मला चहातलं. हा दगा मी स्वतःला दिला, त्यासाठी कुणाला स्टूल सोडावं लागलं नाही.

यांच्या हातचं मी काही घेत नव्हते. हे पाण्याचा ग्लास घेऊन यायचे, मी म्हणायची, "ठेवा तिथं." हे औषधाची गोळी काढायचे, मी म्हणायची, "पल्लवी देईल." पल्लवी रायपूरला गेली तरी तेच. डाव्या हातानं गोळ्यांची पट्टी फाडताना गोळी उडून पलंगाखाली जायची, तरी यांना सांगायची नाही. हे वाकून शोधायचे, गोळी फुंकून टेबलावर ठेवायचे. मी नवीन काढायची.

मंगेशला मी पुन्हा एकदा फोनवर सांगितलं. तो थकलेला होता. "आई, प्लीज, अब बस कर. किती दिवस बाबांवर ढकलशील? ते तुझं एवढं करून राहिले."

त्यानंतर मी बोलणं सोडलं. लोक म्हणाले, आजी आता शांत झाली, बरी होत आहे.

खरं बोलायची पाळी

दोन महिन्यांनी मंगेश, पल्लवी आणि चिनू आले. सोबत खोके होते. मोठे, चपटे, उभे केले की पेटी होते तसले. मंगेशनं ते अंगणात ठेवले आणि म्हणाला, पुढच्या शनिवारी गाडी येईल. पलंग न्यायचा, कपाट न्यायचं, बाकी पाहू.

हे अंगणात पेरूच्या झाडाखाली बसले होते. पेरूला नुकती फळं धरली होती. रोज चार वाजता यांचे तीन मित्र तिथं पत्ते खेळायला येतात. यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग पेरूकडे पाहिलं. आणि मग एकदम म्हणाले, "मंगेश, तिची चूक नोहे. स्टूल म्या धरलं होतं. म्याच सोडलं."

मी ओसरीत खुर्चीवर होते. माझ्या छातीत काहीतरी असं हललं, की वाटलं स्क्रू निघाला.

मंगेश दोन पावलं पुढे आला. यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, "बाबा, किती सांभाळून घेता तुम्ही तिला. पण आता तिच्यासाठी खोटं नका बोलू."

मी हसले. किती दिवसांनी हसले देव जाणे. खांदा ठणकायला लागला तरी थांबेना. चिनू धावत आली, "आजी को क्या हुआ?"

"अरे, खरं सांगून राहिलो!" हे ओरडले. "म्या सोडलं होतं!"

"हो बाबा, ठीक आहे. बसा तुम्ही. बीपी वाढेल."

"विश्वास कावून नाही ठेवत बे तू?"

"बाबा, तुम्हीच तर फोनवर सांगितलं होतं ना त्या दिवशी."

यांना माझ्याकडे पाहावंसं वाटलं, पण मान वळली नाही.

तेव्हा पल्लवी बोलली. ती खोक्याची चिकटपट्टी हातात धरून उभी होती. तिनं साधाच प्रश्न केला, जो दोन महिन्यांत कुणीच केला नव्हता.

"बाबा, स्टूल सोडून तुम्ही गेलात कुठं?"

"मोबाइल वाजला होता."

"कुणाचा फोन होता?"

हे अगदी हळू म्हणाले, "फोन नव्हता. मॅसेज होता. रिटायर लोकायच्या ग्रुपवर."

"काय होतं त्यात?"

"गुलाबाचं फूल," हे म्हणाले. "सुप्रभात."

असलं खोटं कुणी रचत नाही. खोटं बोलायचं असतं तर माणूस निदान एखादा महत्त्वाचा फोन तरी सांगतो. मंगेशला ते कळलं. तो ओसरीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "आई, तू मला दोनदा सांगितलं होतंस."

"हो."

"सॉरी."

"तू नव्हतं सोडलंस," मी म्हटलं. "पण ऐकलं बी नाहीस."

पण माझा मुलगा आहे यांचाच. पाच मिनिटांत डोळे पुसून म्हणाला, "म्हणजे मग तुम्हा दोघांनाही एकटं ठेवायला नको. शनिवारी निघूच."

तेव्हा मी खुर्चीतून उठले. डाव्या हाताचा आधार न घेता उठले, हे मला नंतर लक्षात आलं.

म्हटलं, "मंगेश, नीट ऐक. मी एकटी होती म्हणून नाही पडली. एकटी असती तं चढलीच नसती. कोणीतरी धरलं आहे असं वाटलं म्हणून चढली. तुझ्या सहाव्या मजल्यावर सगळेच मले धरतो म्हणतील. मले त्याचीच आता भीती वाटते. मी इथंच राहते. सज्ज्यावरचं सगळं खाली काढून दे, खालच्या कपाटात ठेव, अन् खोके घेऊन जा."

पल्लवीनं चिकटपट्टी खाली ठेवली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मंगेशनं सज्जा रिकामा केला. स्टूल कुणी धरलं? पल्लवीनं. दोन्ही हातांनी.

मी यांना विचारलं

ते लोक गेल्यावर यांना विचारलं, "दोन महिने कावून गप्प होते?"

यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुले पडलेलं पाहून घाबरलो. तोंडातून तेच निघालं, सवयीनं. अन् एकदा सांगितलं नं, मंग रोज सकाळी वाटे, आज बदलू. रोज ते आणखी जड झालं."

"अन् आज कसं हलकं झालं?"

यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पेरू समोरच होता. माझ्यासाठी जे तोंड उघडलं नाही ते पेरूसाठी आणि पत्त्यांसाठी उघडलं. हे मी यांना म्हटलं नाही, पण इथं लिहून ठेवते, म्हणजे पहिला कागद माझा होईल.

बायांनो, एवढंच सांगायचं होतं. पडलात तर हात हलवू नका, पण तोंड हलवा. कशा पडलात ते स्वतः सांगा, तिथल्या तिथं, कण्हत कण्हत का होईना. आणि डॉक्टर, मुलं, शेजारीपाजारी जे कुणी असतील त्यांना माझी विनंती आहे. दुखण्यात बाई काही म्हणाली तर ते दुखण्यामुळे म्हणाली असं लगेच समजू नका.

आत्ता

आता पाचवा महिना. हात खांद्याच्या वर जातो, कानापर्यंत. डोक्यामागे अजून जात नाही. फिजिओथेरपीची मुलगी, लता, आठवड्यातून दोनदा येते. ती म्हणाली, रोज एक व्यायाम दुसऱ्या माणसाच्या मदतीनं करायला हवा. तुम्ही आडवं पडायचं, हात अगदी सैल सोडायचा, स्वतः जोर लावायचा नाही. दुसऱ्यानं मनगट आणि कोपर धरून तो हळूहळू वर न्यायचा, डोक्याच्या मागे. मध्येच सोडला तर धक्का बसेल.

"घर में कौन है?" तिनं विचारलं.

घरात कोण असणार?

पहिले चार दिवस मी टाळलं. शेजारीण येईल म्हटलं, ती एकदाच आली. पाचव्या दिवशी लतानं यांनाच बोलावलं आणि शिकवलं. कुठे धरायचं, किती न्यायचं, कुठे थांबायचं. यांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून आले होते, आवाज बंद करून. ते मला सांगितलं नाही, मी पाहिलं.

आता रोज दहा वाजता आम्ही हे करतो. हे धरतात नीट, तेवढं कबूल करते. मध्ये विचारतात, "दुखून राहिलं का?" मी म्हणते, "न्या वर."

लता म्हणते, "माताजी, आँख बंद कीजिए, हाथ पूरा ढीला छोड़िए, तभी ऊपर जाएगा."

हात मी सैल सोडते. डोळे मिटत नाही.